जुळाऱ्याच्या फोल्डरातली नदी

बाप गिरणीत जुळारी, म्हणजे फिटर होता, म्हणून नदीच्या कचेरीत यालाही सगळे जुळारीच म्हणत. हा मात्र लोखंड जुळवत नव्हता, प्रोग्रॅम बांधत होता. नदी किती चढणार हे सांगणारा प्रोग्रॅम त्याने मूळ कोडापासून उभा केला होता. त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेले तयार सुटे भाग, मशीनवर सामायिक जागी होत्या. पण जुन्या, हिशेबाला खोट्या. नव्या तिथे ठेवू म्हटलं तर साहेब म्हणाले, "बघू." साहेबांचं बघणं म्हणजे झोपलेल्या कुत्र्याची राखण. मग जुळाऱ्याने नव्या लायब्रऱ्या आपल्याच फोल्डरात बसवल्या, त्यांचा पत्ता मशीनवरच्या फक्त आपल्या लॉगिन-खात्यात लिहिला आणि फोल्डराला कुलूप घातलं. किल्ली म्हणजे त्याच्या खिशातलं कार्ड.

"आम्हाला कधी चालवू देणार?" हाताखालची ताई विचारायची.

"मी आहे ना? मी मेल्यावर बघा."

नदी फुगली त्या दिवशी तो दवाखान्यात, आईच्या खाटेशी होता. थोड्या वेळात तिला ऑपरेशनला नेणार होते. तेवढ्यात ताईचा फोन.

"भाऊ, प्रोग्रॅम तुमच्याविना चालला बघा! पाणी काठाच्या आतच राहतंय म्हणतो. खालच्या वस्तीला कळवू का, निवांत राहा म्हणून?"

जुळारी हसला, आणि हसता हसताच थांबला. ताईच्या खात्याला नव्या भागांचा पत्ताच ठाऊक नव्हता. मग चालला कसा?

"ताई, भाग कुठून उचलतोय ते बघ."

"सामायिक जागेतून."

जुनेच! नाव तेच, म्हणून प्रोग्रॅमने मुकाट उचलले आणि बेधडक खोटं बोलला.

"कुणाला काही कळवू नकोस! खरे भाग माझ्या फोल्डरात कुलपात आहेत."

"मग उघडा की."

कार्ड खिशात, खिसा दवाखान्यात. आईचे कान तिखट, तिने सगळं ऐकलं होतं.

"जा."

"अगं, तुला आत नेतील आता."

"मला कापायला इथे चौघं आहेत. एकाला खोकला आला तर दुसरा सुरी धरेल. तुझ्या कामाला दुसरं माणूस का नाही रे?"

धाकट्या बहिणीला खाटेशी बसवून तो खाली मान घालून निघाला.

कचेरीत कार्ड घातलं, प्रोग्रॅम चालवला. पाणी काठावरून जाणार होतं, संध्याकाळपर्यंत वस्तीत. ताईने तिथे फोनावर फोन लावले, "उठा, वर या," म्हणून ओरडून घसा बसवला. इकडे जुळाऱ्याने कुलूप काढलं, नव्या भागांचा पत्ता प्रोग्रॅमच्या पोटातच लिहिला आणि तो पुन्हा बांधला.

"आता तुझ्या खात्यातून चालव."

तिने चालवला. आकडा तोच आला.

"एवढंच होतं?" ताई म्हणाली.

त्याचा फोन वाजला. बहीण होती.

"नेलं रे आत. दारापर्यंत एकच विचारत होती, त्याने कुलूप काढलं का."