सेफ्टीची डिग्री आणि गैबीचाचा

गैबीचाचा बगॅसच्या ढिगावर पालथा पडून आतली लोखंडी सळई उपसत हुता. बगॅस म्हंजे रस काढून ऱ्हायलेला उसाचा भुसा. भैरोबा साखर कारखान्याच्या मागं त्येचा दोन माळ्यांएवढा डोंगुर. वरनं गारेगार, पर आत कवा धुमसंल नेम न्हाय. चाचा सळई आत खुपसायचा, तंबाकूची चिमूट चघळून व्हईस्तवर थांबायचा आणि मग सळईच्या टोकाला गाल लावायचा. डाव्या गालावर त्येचा काळा डागच पडलाता.

"काय करताय तिथं?" खालनं आवाज आला.

"ताप बगतोय."

"कुणाचा?"

"ढिगाचा. तुमी कोण पावणं?"

पावणं म्हंजे जोतीराम साळोखे, नवं सेफ्टी ऑफिसर. डोस्क्यावर पांढरं हेल्मेट, बगलंत फाईल. साल चौऱ्याऐंशी. सरकारचा नियमच आलता की मोठ्या कारखान्याला डिग्रीवाला सेफ्टी ऑफिसर पायजे. वीस वर्सं ते काम गैबीचाचानं बिनडिग्रीचं वढलं. आता दोन माणसं कशाला, म्हणून मॅनेजरनं सांगून टाकलं: हंगाम संपला की चाचा यार्डात, उसाच्या गाड्यांच्या लायनी लावायला. चाचाला भाकर गोड लागंना. ढीग सोडून त्यो करणार काय?

दुसऱ्या दिशी त्येनं सायबाला कँटीनात गाठलं. "सायब, ह्या डिग्रीला लागतंय तरी काय?"

"बी.एस्सी. पाहिजे. मग दोन वर्षं कारखान्यात अनुभव. मग एक वर्षाचा सेफ्टीचा डिप्लोमा."

"अनुभव वीस वर्साचा हाय. त्यातला थोडा वळता करून घेत्यात का?"

"आधी शिक्षण, मग अनुभव. उलटं चालत नाही."

चाचा चौथी पास. घरी यून त्येनं बायकूसमोर, रोशनबीसमोर, बोटं मोजली. धावीपतोर सा, बारावीला दोन, डिग्रीला तीन, अनुभवाला दोन, डिप्लोम्याला एक. चौदा वर्सं! आज सेहेचाळीस, म्हंजे साठाव्या वर्सी चाचा सेफ्टी ऑफिसर. आणि रिटायर अठ्ठावन्नला.

"मग दोन वर्सं थांबा म्हणावं त्यास्नी," रोशनबी म्हणाली. "आणि पाचवीला बसायच्या आदी ती म्हस बांधा."

हिकडं साळोखे सायबाची नोकरी सा म्हैने कच्ची. त्या मुदतीत आग लागल्याची रंगीत तालीम करून इन्स्पेक्टरला रिपोर्ट धाडायचा हुता. सायबानं बोर्डावर नोटीस लावली: सकाळी धा वाजता तीन लांब भोंगे हुतील, सगळ्यांनी काम सोडून वडाखाली जमायचं.

चाचा धावत आला. "सायब, घंटा बडवा, डबं बडवा, पर लांब भोंगा नगं."

"चाचा, पुस्तकात सायरनच सांगितलाय."

"पुस्तक लिवणारा कवा हितं कामाला हुता?"

"तुमची चौथी कुठल्या कॉलेजात झाली?" सायबानं इचारलं. चाचा पाय आपटत ढिगाकडं गेला. हितंच त्येचं चुकलं, भोंगा का नगं त्ये सांगाय पायजे हुतं.

धाला भोंगा झाला. एक, दोन, तीन. सात मिनटात सगळी वडाखाली. सायब घड्याळाकडं बगून खुळ्यागत हसाय लागला. तवर चाचाची नजर रस्त्यावर गेली आणि त्येनं कपाळाला हात लावला.

त्येचं आसं की, वर्सातनं एकदाच तीन लांब भोंगे व्हत्यात. हंगाम संपला, म्हंजे पट्टा पडला, की. आणि भायेरच्या ऊसतोड टोळ्यांनी कुठं नोटीस वाचलीया! त्यास्नी भोंगा आयकला, पालं सोडली, भांडी-कुंडी, कोंबड्या गाडीत घातल्या आणि बीडच्या वाटंला लागली. दोनशे बैलगाड्या!

गेटवर ऊसवाली चिमणाबाई आलती, कंबर बांधून. "माझा दीड एकर हुबा हाय, आणि पट्टा कसा पाडला रं मुडद्यांनो? ह्यो हेल्मेटवाला कोण? त्येला काढा भायेर!"

चाचानं सायकल काढली. "बसा सायब मागं. हेल्मेट धरा, पडंल." धापा टाकत दोघांनी पुलापाशी पयली गाडी गाठली. गाडीवर मुकादम पिराजी.

"माघारी वळ, पिराजी. अजून दोन म्हैनं हायती."

"भोंगा झाला की! आमी भोंग्याचं आयकतो, माणसाचं न्हाई."

साळोखे सायब फुडं झाला. "हे पहा, ती रंगीत तालीम होती, आपत्कालीन..."

"ह्ये काय बोलतंय?" पिराजीनं चाचाला इचारलं.

"त्येचं सोड. तुझ्या बैलाच्या शिंगाला गुलाल हाय का? शेवटच्या गाडीवर गुलाल पडल्याबिगर कवा पट्टा पडलाय व्हय रं?"

पिराजीनं बैलाकडं बगितलं. मग मागच्या गाडीच्या बैलाकडं. "आयला," म्हणला, आणि पुलावरनंच वरडला, "वळवा रं गाड्या!"

सांजच्याला चेअरमनच्या केबिनीत टेबलावर मूठ पडली. "भोंगा कुणाच्या डोक्यातनं आला?"

सायबानं तोंड उघडलं, पर त्येच्या आदी चाचा बोलला. "माझ्या."

"उद्यापास्नं यार्डात. हंगाम संपायची वाट बगू नगो."

भायेर आल्यावर सायबानं त्येला गाठलं. "चाचा, हे काय केलंत?"

"तुमची नोकरी कच्ची हाय. माझी काय डिग्री काढून घेत्यात? आणि ढिगाला कोण तरी नगं? सकाळी सातला या. हेल्मेट ठेवा घरात, गाल मोकळा पायजे."

दुसऱ्या दिशी अख्ख्या कारखान्यानं बगितलं. बी.एस्सी. सायब ढिगावर पालथा, सळई गालाला, आणि यार्डातनं गैबीचाचा वरडतोय, "आनखी आत घाला! ताप बगताय का मुका घेताय?"

चाचा यार्डातनंच रिटायर झाला. त्येच्यामागनं कवातरी साळोखे सायबाला हापिसात जुनी फाईल घावली. सायब यायच्या आदीच सरकारचा नियम येऊन पडलाता, आणि कारखाना दोन वर्सं त्यो टाळत हुता. मधल्या काळात ढिगात पाय जाऊन ढिगावरच्या आकाराम गड्याचा पाय गुडघ्यापतोर भाजला. ढीग तापलाय म्हणून चाचा आदल्या दिशी बोंबलत हुता, पर चौथीवाल्याचं कोण आयकतंय? त्या हप्त्यातला मॅनेजरच्या नावचा अर्ज फाईलीत हुता. वाकड्यातिकड्या तीन वळी, खाली गैबीचाचाची सही: माजं कोन आयकत न्हाय. डिग्रीवाला सायब आना. त्येचं तरी आयकतील.