पाण्याचा मुराळी

ती गेल्याला आता दहा महिने होतील. मी हे हळूहळू लिहितो आहे. काही दिवशी चार ओळी होतात, काही दिवशी एकही होत नाही.

माझी बायको पिशोरजवळच्या एका गावची. गावाच्या वरच्या अंगाला ओढा, ओढ्यावर दगडी बंधारा, आणि बंधाऱ्यातून निघून शेतांच्या कडेकडेने दीडेक मैल जाणारा पाट. हा पाट कुणी बांधला ते कुणाला ठाऊक नाही. निजामाच्या आधीचा, एवढंच सगळे सांगतात. दिवाळी झाली की गाव मिळून त्यातला गाळ उपसतं, आणि कार्तिकात एक दिवस ठरवून हरभऱ्या-गव्हासाठी पहिलं पाणी सोडतं.

त्या दिवशी पाणी म्हणजे माहेरी येणारी लेक. सासरहून लेकीला आणायला जातो त्याला मुराळी म्हणतात, तसा या पाण्यालाही मुराळी असतो. तो बंधाऱ्यापासून निघतो आणि कोरड्या पाटातून पाण्याच्या पुढे पुढे चालत शेवटच्या शेतापर्यंत जातो. पहिलं पाणी शेवटच्या शेताला. ते तिथे पोचेपर्यंत वरचे लोक आपल्या शेताकडे पाणी वळवत नाहीत, आणि देवळापुढे पंगत बसत नाही.

मुराळ्याचं चालणं शोभेचं नसतं. रिकाम्या पाटात खेकडे, उंदीर, घुशी बिळं करून बसलेले असतात. पाणी बिळात शिरलं की काठाच्या पोटातून बाहेर फुटतं आणि पुढे सरकायचं थांबतं. मुराळ्याने पाण्याच्या आधी बीळ गाठायचं, गवताचा बोळा आत कोंबायचा, वर चिखल घालून टाचेने दाबायचा.

शेवटचं शेत माझ्या सासऱ्यांचं, म्हणून मुराळीपणही त्यांच्या घरात. रझाकारांच्या धामधुमीत गावाला पाट उपसायला जमलं नव्हतं. पोलीस अ‍ॅक्शननंतर गाळ काढून पाणी सोडलं तेव्हा ही आईच्या पोटात होती. ती दहा वर्षांची असताना सासऱ्यांचा पाय मोडला. भाऊ अजून अंगावर पीत होता. म्हणून त्या वर्षी ती चालली. पुढच्या वर्षी सासऱ्यांचा पाय बरा झाला, तरी तीच चालली. लोक म्हणाले, "पोरगी कुठं मुराळी असती व्हय?" सासरे म्हणाले, "बिळं तिला घावतेत. मला घावत नायती." एवढ्यावर तो विषय मिटला.

लग्नानंतर आम्ही शहरात, उस्मानपुऱ्यात एका खोलीत राहिलो, पुढे पुंडलिकनगरात घर बांधलं. दर कार्तिकात ती एसटीने पिशोरला उतरायची आणि मी तिच्या मागून पिशवी घेऊन उतरायचो. मी हायस्कुलात इतिहास शिकवायचो. शहरात जमिनीखालून पाणी आणणाऱ्या जुन्या नहरींवर मिळेल ते वाचलेलं होतं. मुलांना फळ्यावर नकाशा काढून सांगायचो. तिच्या गावात मात्र मी देवळामागच्या चिंचेखाली सतरंजीवर पुस्तक घेऊन बसायचो. पहिल्याच वर्षी तिथे भाकऱ्या थापणाऱ्या बायकांनी मला धारेवर धरलं.

"जावईबापू, बायको तिकडं चिखलात अन् तुम्ही हितं सावलीला?"

"आगं, मास्तर हायत ते. पाय भिजले तर अक्षरं पुसत्याल."

मीही हसलो आणि पान उलटलं. पुढे किती वर्षं हेच चाललं. दुपारी ती कोपरापर्यंत चिखल घेऊन यायची, डोळे लखलखत असायचे, आणि मी विचारायचो, "पोचलं का?" ती म्हणायची, "पोचलं." शेवटच्या वेळी, म्हणजे ती जाण्याआधीच्या कार्तिकात, ती बंधाऱ्याकडे निघताना थांबली आणि म्हणाली, "या वेळी चला की माझ्यासंगं. निदान अर्ध्यापर्यंत." मी म्हणालो, "पुढच्या वर्षी नक्की." हातात कोणतं पुस्तक होतं ते आता आठवत नाही.

माघात तिचं दुखणं कळलं. अंथरुणाला खिळल्यावर एका दुपारी तिने मला वही आणायला सांगितली.

"लिहा. सिमिट संपतं तिथल्या दगडापासून एकवीस पावलं. उजव्या अंगाला. खेकड्याचं."

"कुणाच्या उजव्या?"

"पाण्याच्या. पाणी ज्या तोंडानं जातंय त्याच्या."

ती डोळे मिटून सांगायची. पांघरुणावर दोन बोटं एकामागून एक पुढे सरकायची. मध्येच थांबून म्हणायची, "हां, हितं वाकायला लागतं, बोरीचे काटे हायत." बेचाळीस बिळं तिने सात-आठ दिवसांत सांगितली. खरं सांगायचं तर तिचं मन रमावं म्हणून मी लिहून घेत होतो. चैत्रात ती गेली.

कार्तिकात मेहुण्याचा फोन आला. मी म्हणालो, वर्ष झालेलं नाही, यंदा मला सण नाही.

"ह्यो सण नाय दाजी, काम हाय," तो म्हणाला. "माझ्या गुडघ्यांनी जवाब दिलाय. अक्कानं वही लिहून घेतली म्हन्ली व्हती. ती घेऊन या."

मी गेलो. देवळापुढे मोठा मांडव होता. गेल्या काही वर्षांपासून तरुण मंडळींनी या दिवसाचा महोत्सव केला आहे. कमानीवर 'आपला पाट, आपला वारसा' असा फलक, लेझीम, शाळेतल्या मुलांनी काढलेली बंधाऱ्याची चित्रं, शहरातून आलेले पाहुणे. मुलांची चित्रं मला आवडली. एकीने पाण्याला परकर-पोलकं घातलं होतं.

सरपंच भला माणूस, पण घाईत होता. पाटाचा वरचा अर्धा भाग आता सिमेंटचा झाला आहे, तिथे पाणी आपोआप धावतं. त्याचं म्हणणं, मुराळी आता नावापुरता पुरे. पाहुण्यांच्या हस्ते बंधाऱ्याचं दार उघडायचं, फोटो झाले की पंगत.

"अन् खालचं?" मेहुण्याच्या बायकोने विचारलं. ती कमरेला पदर खोचून, हातात खोरं आणि घमेलं घेऊन तयार होती. "माझा हरभरा काय फोटूवर यील का?"

"पोचंल की काकू, सांजपस्तोवर."

"आजवर पंगतीआधी पोचलंय. कवा चुकलंय का, सांग बरं?"

"तवा आत्या व्हत्या," सरपंच म्हणाला, आणि माझ्याकडे पाहून ओशाळला. मग म्हणाला, "बरं, दोन वाजेपस्तोवर थांबतो मास्तर. पाहुण्यांना लांब जायचंय. दोनला पंगत बसवावी लागंल."

साडेअकराला दार उघडलं. मी आणि मेहुण्याची बायको सिमेंट संपतं तिथे आधीच जाऊन उभे होतो. तिचं म्हणणं, "वाचायला तुम्ही, बुजवायला मी." ती इतकी वर्षं शेवटच्या शेतात पाण्याची वाट बघत थांबायची, त्यामुळे पाटातून तीही कधी चालली नव्हती. मी चपला काढल्या. माती थंड होती.

वहीत पाहून दगडापासून एकवीस पावलं मोजली आणि उजवीकडचा काठ दाखवला. तिने गवत बाजूला केलं, खोऱ्याने ठोकून पाहिलं. काही नव्हतं. "बुजलं आसंल," ती म्हणाली. पुढचं, चौदा पावलांवर, डावीकडे. तिथेही नव्हतं. तिसरं शोधत होतो तोच मागे पाणी आलं. सिमेंटवरून धावत आलेलं पाणी मातीत उतरलं आणि एकदम सावकाश झालं. वाळकी पानं, फेस आणि मुंग्या पुढे ढकलत ते रांगत येत होतं. मग एके जागी ते गोल फिरू लागलं. काठाच्या पलीकडे, दुसऱ्याच्या तुरीत, फसफस आवाज झाला.

"आगं बया, फुटलं!" ती मागे धावली आणि गुडघ्यावर बसून बीळ बुजवू लागली. मी आपला वही उंच धरून उभा. बीळ दगडापासून माझ्या पंधरा-सोळा पावलांवर होतं, उजव्या अंगाला, खेकड्याचं.

तिने चिखलाच्या हाताने माझ्या पायांकडे बोट दाखवलं. "केवढाल्या ढांगा टाकता दाजी! वन्संची पावलं हायत ती, तुमची नाय."

पन्नास वर्षं त्या बाईबरोबर राहिलो आणि तिचं पाऊल केवढं ते मला माहीत नव्हतं. उस्मानपुऱ्यात भाजी घेऊन परतताना ती मागून म्हणायची, "जरा हळू चाला की, कुठं गाडी चुकतीय?" मी थांबायचो, ती आली की पुन्हा तसाच सुटायचो.

वहीत एक ओळ होती: 'दगडापासून बाभळीपर्यंत चौतीस. बाभूळ नुसती खुणेची.' बाभूळ जागची हलणारी नव्हती. मी दगडाशी परत गेलो आणि काठावरून बाभळीपर्यंत चाललो. सव्वीस. पुन्हा गेलो, पावलं आखडली. तीस.

"आजून बारीक," मेहुण्याची बायको पाटातून ओरडली. "डोक्यावर घागर असल्यावानी चाला."

तिसऱ्या वेळी चौतिसावं पाऊल बाभळीच्या मुळाशी पडलं. त्या चालीत गुडघा फारसा वर उचलत नाही आणि पुढचं पाऊल मागच्याला सोडून लांब जात नाही. मांड्यांत कळ आली. "आता बरुबर," ती म्हणाली, आणि का कोण जाणे, पदराने नाक पुसलं.

मग बिळं सापडू लागली. अठरा पावलं, उंदराचं. नऊ पावलं, खेकड्याचं, जोडबीळ. बोरीचे काटे आले तिथे मी वाकलो. काही ठिकाणी नुसता जुना, टणक बोळा लागे. गेल्या वर्षी किंवा त्याच्याही आधी तिने ठोकून बसवलेला, टाचेचा खोलगट ठसा अजून दिसणारा. तिथे आम्ही काही न करता पुढे जायचो. मागून पाणी येत होतं. मी पुढे चाललो की पाणी माझे ठसे भरत यायचं, आणि ते मला ऐकू यायचं. एवढं बारीक काही मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

एकतिसाव्या बिळाशी आलो तेव्हा लाउडस्पीकरवरून पंगत बसल्याचं ऐकू आलं. सरपंचाने दोनवर दहा मिनिटं वाट पाहिली होती. मी वही मिटून उभा राहिलो. तिच्या सगळ्या वर्षांत जे घडलं नव्हतं, ते मी मुराळी असताना घडलं.

"जेवू द्या त्यांना," मेहुण्याची बायको म्हणाली. "पाण्याला काय पंगतीला बसायचंय? चला. बत्तिसावं कुठंय?"

बत्तिसाव्यानंतर पाणी पुन्हा अडलं. वहीत तिथे काहीच नव्हतं. आम्ही दोघं ओणवे होऊन काठ चाचपत राहिलो. शेवटी माझाच पाय मनगटाएवढ्या भोकात गेला आणि अंगठ्याला आतून कुणीतरी धरलं. मी ओरडलो. ती हसत हसत खालीच बसली.

"सोडा म्हनावं त्याला! जावई हाय गावचा!"

खेकड्याने सोडलं. बोळा मी घातला, चिखल मी टाकला, टाच मीच मारली.

तीन वाजून गेले होते. शेवटच्या शेताच्या बांधावर मेहुणा पाय लांब करून बसला होता. जेवायला गेला नव्हता. त्याने दूरवरून मला येताना पाहिलं. मी जवळ येईपर्यंत तो माझ्या पायांकडे पाहत होता. शेताच्या तोंडाची माती मुराळ्याने हातांनी काढायची असते, हे त्याने मला दाखवलं. मी काढली. पाणी आलं, जरा घुटमळलं आणि हरभऱ्यात शिरलं.

"पोचलं," मी म्हणालो.

"पोचलं," तो म्हणाला. मग बांधावर सरकून मला जागा करत, "उशीर झाला म्हनून मनाला लावून घेऊ नका दाजी. पाट आता तसा ऱ्हायला नाय."

त्याच्या बायकोने फडक्यातली भाकरी काढून तिघांत वाटली. खाताना तिने त्याला खेकड्याची गोष्ट दोनदा सांगितली, दुसऱ्या वेळी माझं ओरडणं अधिक मोठं करून. तो हसला आणि म्हणाला, "ते नवं बीळ लिहिलं का वहीत?"

मी लिहिलं नव्हतं. पेन काढलं, बत्तिसाव्याच्या खाली तिने सांगितलेलं तेहेतिसावं होतं, त्या दोन ओळींच्या मध्ये जागा केली. 'डाव्या अंगाला, खेकड्याचं,' एवढं लिहिलं आणि अडलो. बत्तिसाव्यापासून किती पावलं, ते मी मोजलंच नव्हतं.

"जाऊ द्या, अंदाजानं टाका," मेहुणा म्हणाला.

मी उठलो. पाट आता भरून वाहत होता, म्हणून काठावरून परत बत्तिसाव्यापर्यंत गेलो, पाणी जात होतं त्या बाजूला तोंड केलं, आणि बारीक पावलांनी एक, दोन, तीन असं मोजत निघालो.