जानोबाईचं दोन माणसांचं युनिट

सिनेमा लोक बघून उठतात. त्यामागचे किस्से मात्र आमच्या डोक्यात मुक्कामालाच राहतात. जानोबाई गोंडीत सिनेमे करायची आणि मी तिचा साउंडवाला. आधी वडश्याच्या नाटकांत माइक लावायचो. कॅमेरा तीच धरायची. झालं आमचं युनिट! ती आता मुंबईत असते. अहेरीत चहा घेताना एकेक आठवत राहतं.

*

पहिल्या सिनेमात तिची आईच हिरोइन. जानो तिला म्हणाली, "कॅमेऱ्याकडे बघायचं नाही."

आईने सीनभर डोळेच मिटून घेतले!

जानोने शॉट तसाच ठेवला. पुढे एका समीक्षकाने लिहिलं, 'काय ही ध्यानमग्नता!'

*

पुण्यातल्या शोनंतर एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, गोंडी म्हणजे मराठीचीच बोली ना?"

"नाई सर. शेजारीण आहे. लय जुनी."

काय टाळ्या पडल्या! परतताना गाडीत ती म्हणाली, "भाऊ, सिनेमातल्या खालच्या पट्ट्या वाचल्याशिवाय एकालेही कळला नसन."

*

मग मुंबईचं हिंदी काम मिळालं. पहिल्याच दिवशी 'कट'ऐवजी ती गोंडीत ओरडली. कोण थांबणार? हिरो बिचारा चालत चालत पार गेटबाहेर!

फोनवर सांगताना खूप हसली. मग हळूच म्हणाली, "इथी कोणाले आपल्या भाषेत 'थांब' म्हणू, भाऊ?"

*

गेल्या उन्हाळ्यात तिचा फोन. "भाऊ, बाजारात जाय. फोन स्पीकरवर चालू ठेव. तू बोलू नको."

अहेरीच्या बाजारात मी फोन उंच धरून हिंडलो. एक म्हातारी टेंभरं विकत होती, तेंदूची पिवळी फळं. ती माझ्यावर गोंडीत खेकसली, "घ्यायचं तर घे, फोटो काऊन काढून राह्यला?" ऐकून ऐकून तेवढी गोंडी मला कळते.

फोनमधून जानोने गोंडीतच उत्तर दिलं! मग काय, दोघी सुरूच झाल्या. गाव कोणतं, आई कोण, यंदा फळ गोड आहे की नाही... शेवटी म्हातारीने विचारलं, "ठेवू तुझ्यासाठी?"

"ठेव न. येतो मी."

पुढच्या बाजाराला मी सहज तिकडे गेलो. चांगली चांगली टेंभरं पळसाच्या पानाखाली झाकलेली. एका गिऱ्हाइकाने हात घातला, तर म्हातारीने चापटच मारली. "ते त्या पोरीचे हायत!"

मी म्हटलं, "मले दे आजी, मी पोचवतो."

तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"ती येतो म्हणली हाये."