मोटारीची लीद

ओनेझीमचा उजवा हात डाव्यापेक्षा लाल होता आणि कोपरापर्यंत त्यावर एक केस म्हणून नव्हता. पॅरिसच्या वेशीला लागून असलेल्या बोबिन्यीतल्या कुठल्याही जुन्या माळ्याचा हात बघा, तो असाच असायचा. वाफ्यात हात खुपसून ऊब जोखायची, ही तिथली रीत. जानेवारीत बाहेर बादलीतलं पाणी गोठलेलं असतं, तेव्हा घोड्याच्या ताज्या लिदीचा जाड थर रचायचा, पायांनी तुडवायचा, वर काळी माती पसरायची आणि त्यावर काचेची चौकट ठेवायची. लीद कुजता कुजता तापते आणि खरबुजाच्या बीला वाटतं, उन्हाळा आला. बी फसलं की माळ्याचं पोट भरलं. ओनेझीमने सगळं आयुष्य बियांना फसवण्यात घालवलं. माणसांना फसवायला तो एकदाच गेला, आणि ते त्याला मुळीच जमलं नाही.

तो जन्मला तोच म्हणे वाफ्याच्या कडेला. सुईण यायला उशीर झाला आणि त्या थंडीत बागेतली उबेची जागा तेवढीच होती. त्यामुळे असेल, लिदीचा वास त्याला वास वाटायचाच नाही. पॅरिसमध्ये कुणा नातेवाइकाच्या लग्नाला गेला की चर्चमध्ये त्याच्या आजूबाजूचे बाक रिकामे पडत. तो बायकोला म्हणायचा, "बघ क्लेमांस, लोकांची देवावरची श्रद्धाच उडत चाललीय."

क्लेमांस त्याच्यापेक्षा वीतभर उंच, आवाजाने तर हातभर. पहाटे मुळे, गाजरं, लेट्यूस घेऊन ती गाडीने पॅरिसच्या मोठ्या बाजारात जायची. सोबत लेओनी, त्यांची एकुलती एक लेक. येताना रिकाम्या गाडीत ऑम्निबसच्या, म्हणजे शहरात घोडे ओढत त्या बसगाड्यांच्या, तबेल्यातून लीद भरून आणायची. बिझू नावाचा म्हातारा घोडा ही गाडी डोळे मिटून ओढायचा. जाताना भाजी, येताना लीद, हा व्यवहार पॅरिसशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. तबेल्यात लीद भरून द्यायला फेर्नां नावाचा एक तरणाबांड गडी होता. इतर माळ्यांच्या गाडीत तो समोर येईल ते टाकायचा. ओनेझीमच्या गाडीत मात्र ढिगाच्या पोटातली, वाफाळती, ओट खाल्लेल्या घोड्यांची निवडक लीद पडायची. ओनेझीमला वाटे, हे आपल्या नावाचं वजन. ते वजन लेओनीचं होतं, हे क्लेमांसला पहिल्याच हिवाळ्यात कळलं होतं, पण लीद उत्तम येत होती म्हणून ती गप्प बसली.

मग ऑम्निबसला मोटारी लागल्या. घोडे विकले गेले, तबेल्याला कुलूप लागलं आणि फेर्नां एका कोळशाच्या वखारीत मालमोटार चालवायला लागला.

ऑगस्टच्या अखेरीला माळ्यांच्या देवाचा, संत फियाक्रचा सण असतो. मिरवणूक झाली, जेवणाला सगळी आळी एका लांबलचक टेबलावर बसली, आणि फेर्नां स्वच्छ सदरा घालून ओनेझीमपुढे येऊन उभा राहिला.

"काका, मला लेओनीशी लग्न करायचंय."

सगळ्यांचे काटे-चमचे थांबले. शेजारचा आर्सेन तर घास तोंडात तसाच ठेवून बघत राहिला. आर्सेन आणि ओनेझीम लहानपणापासूनचे मित्र, म्हणजे एकमेकांचं वाईट बघायची संधी दोघांपैकी एकानेही कधी सोडली नव्हती.

"राहतोस कुठे?" ओनेझीमने विचारलं.

"पॅरिसला. चौथ्या मजल्यावर."

"चौथ्या मजल्यावर! आणि माझी काळी कुठे ठेवणार? पलंगाखाली?"

लोक हसले. तिथे मुलगी सासरी जाते तेव्हा बापाच्या वाफ्यांतली गाडीभर काळी माती तिच्यासोबत जाते. जुनी लीद वर्षानुवर्षं कुजून झालेली ती काळी म्हणजे माळ्याची खरी इस्टेट. जागा सोडताना तो एक वेळ दारं-खिडक्या मागे ठेवील, पण काळी उकरून नेईल. काळी दिली म्हणजे मुलगी मनापासून दिली, असं समजतात.

"बरं, ती तुझी मोटार. खाते काय?"

"पेट्रोल, काका."

"आणि मागे टाकते काय?"

फेर्नां प्रामाणिक होता. "धूर," तो म्हणाला.

"ऐकलंत का रे? लोकांच्या घरात सोन्याचा धूर निघतो, हा माझ्या घरात नुसताच धूर घेऊन आलाय!" ओनेझीम आता रंगात आला होता, आणि रंगात आला की त्याला थांबता यायचं नाही. "असं कर. ज्या दिवशी तुझी मोटार माझ्या दारात ऊन ऊन लीद टाकील, त्या दिवशी ये पोरगी मागायला. देईन. काळीसकट देईन. आर्सेन, तू साक्षीदार!"

आर्सेनने टेबलावर मूठ आपटली. फेर्नांने टोपी डोक्यावर घातली, "बरं," एवढंच म्हणाला आणि निघून गेला. लेओनी रडली नाही की रुसली नाही. तिने बापाच्या ताटात सशाच्या मटणाचा आणखी एक तुकडा वाढला, तेव्हा खरं तर त्याने सावध व्हायला हवं होतं.

खरी गोष्ट अशी की, ओनेझीमचा राग मोटारीवर होताच, पण तेवढ्यावर नव्हता. रोज संध्याकाळी थंडी पडायच्या आत चौकटींवर पेंढ्याच्या चटया अंथराव्या लागतात. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला लेओनी, असं ती लहान होती तेव्हापासून चाललं होतं. एकमेकांशी जे काही बोलायचं ते दोघं तेव्हाच बोलत. ते दुसरं टोक रिकामं होणार, हे त्याला सोसवत नव्हतं. पण हे सांगायचं कसं ते त्याला येत नव्हतं, म्हणून तो धुरावर घसरला.

हिवाळा आला आणि लीद कुठून आणायची हा प्रश्न दाराशी येऊन बसला. आर्सेनच्या मेव्हण्याची घोडदळाच्या छावणीत ओळख होती, त्याचं भागलं. एका शब्दाने ओनेझीमचंही भागलं असतं, पण आर्सेनपुढे तोंड वेंगाडण्यापेक्षा त्याला वाफ्यात झोपणं पत्करलं असतं. जवळचे तबेले बंद पडलेले. लांब शांतियीला शर्यतीचे घोडे होते, त्यांच्या लिदीच्या नुसत्या आठवणीने माळ्यांचे डोळे ओले होत. पण बिझूने ती आणायची म्हटलं तर वाटेतच दोन मुक्काम पडणार, आणि लीद घरी पोचेपर्यंत गार. शेवटी ओनेझीमने गवळ्याकडून शेण आणलं. गाय स्वभावानेच थंड, शेणही तसंच. मग त्याने बिझूला दुप्पट ओट चारून पाहिले. बिझू गरगरीत झाला, मागल्या बाजूला म्हणण्यासारखी प्रगती दिसली नाही.

वाफा काही तापेना. रोज हात खुपसायचा आणि रोज खिन्न होऊन बाहेर काढायचा. बी पेरलेलं तसंच पडून होतं.

"आर्सेनला विचारा की," क्लेमांस म्हणायची.

"वाफा तापतोय. हळूहळू तापतोय."

"अहो, हात तर निळा पडलाय तुमचा."

फेब्रुवारीच्या सुरुवातीला मेणबत्त्यांचा सण येतो. त्या दिवशी घरोघर क्रेप करतात, आपल्या घावनासारखे, आणि बोबिन्यीचे माळी एकमेकांच्या बागांत जाऊन वाफ्यात हात घालतात. ज्याचा वाफा गार त्याची वर्षभर चेष्टा. झाकली मूठ झाकलेली ठेवायला ओनेझीमने एक युक्ती काढली. मंडळी येण्याच्या जरा आधी तो चुलीवरचं मोठं पातेलं उचलून बागेत गेला, काचा वर केल्या आणि कढत पाणी वाफ्यात ओतलं. काय सुरेख वाफ निघाली! चौकट झाकून तो दारात उभा राहिला, छाती पुढे काढून.

मंडळी आली. काचेवरची वाफ बघून सगळ्यांनी मान डोलावली. आर्सेनने बाही वर केली आणि हात कोपरापर्यंत आत घातला. त्याच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य उमटलं, मग संशय. हात बाहेर आला तेव्हा त्यावरून पाणी ठिबकत होतं, आणि करंगळीला कांद्याची पाकळी चिकटलेली होती. आर्सेनने हात नाकाशी नेला.

"ओनेझीमराव," तो सावकाश म्हणाला, "मीठ जरा कमी पडलंय."

घरातून क्लेमांसचा आवाज आला, "माझं सूप कुणी नेलं?"

असं हसू त्या आळीत पूर्वी कुणी ऐकलं नव्हतं. आर्सेन तर भिंतीला धरून उभा होता. ओनेझीम मधोमध तसाच उभा, रिकामं पातेलं हातात. खरबुजं गेली, वर्ष गेलं आणि अब्रूही गेली. त्याला आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच बागेतून कुठेतरी निघून जावंसं वाटलं.

तेवढ्यात रस्त्यावर धडधड ऐकू आली. कोळशाने काळी झालेली मालमोटार धूर ओकत वळणावरून आली आणि उलटी होत होत ओनेझीमच्या फाटकाशी थांबली. फेर्नां खाली उतरला, मागे गेला आणि फळीचा अडसर काढला. फळी पडली, आणि मोटारीने ओनेझीमच्या दारात लीद टाकली. भसाभसा टाकली. शांतियीच्या शर्यतीच्या घोड्यांची, पिवळ्या पेंढ्यातली, ताजी. तिच्यातून अशी वाफ उसळली की पलीकडे उभा असलेला फेर्नां दिसेनासा झाला.

कुणी हसलं नाही. एवढी लीद समोर असताना माळी हसत नाहीत. एकेकाने जवळ येऊन टोपी काढली.

"शांतियीहून पहाटे निघालो, काका," वाफेतून आवाज आला. "गार व्हायला सवडच मिळाली नाही तिला."

"आजचाच दिवस बरा सापडला तुला," ओनेझीम पुटपुटला.

"दिवस मी सांगितला होता, बाबा," लेओनी दारातून म्हणाली. तिच्या हातात क्रेपची थाळी होती. "पण सुपाचं मला ठाऊक नव्हतं हं, देवाशपथ."

"हात घाल की," आर्सेन ओरडला. "साक्षीदार मी आहे! बारा वर्षांनी उकिरड्याचंही दैव उघडतं म्हणतात, तुझं आज उघडलं. घाल हात!"

ओनेझीमने पातेलं खाली ठेवलं आणि हात त्या ढिगात खुपसला. मंडळी वाट बघत राहिली. तो हात काढेना. ऊब कोपरातून खांद्यापर्यंत चढत होती, महिनाभर गारठलेली बोटं मोकळी होत होती, आणि त्याचे डोळे भरून आले होते. ऊन आहे म्हटलं की पोरगी गेली. गार आहे म्हणायचं, तर जन्मात कधी लिदीशी खोटं बोलला नव्हता.

"ऊन आहे," तो शेवटी म्हणाला. "चांगली ऊन आहे."

क्लेमांसने तिथल्या तिथे फेर्नांच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि सगळ्यांना क्रेप खायला बसवलं. सूप नव्हतंच.

त्या लिदीवर पुन्हा पेरलेली खरबुजं मे महिन्यात पिकली, आर्सेनच्या आधी पिकली, आणि त्याच आठवड्यात लग्न झालं. निघायच्या वेळी सगळे मुके घेऊन झाले, तरी नवरानवरी निघेनात, कारण ओनेझीम फावड्याने मोटारीत काळी भरत होता.

"अहो, चौथा मजला आहे त्यांचा!" क्लेमांस ओरडली. "थोडी द्या, शकुनापुरती."

"वाटा तो वाटा," तो म्हणाला आणि भरत राहिला. भरून झाल्यावर त्याने मोटारीच्या तोंडावर दोन थापा मारल्या, बिझूला मारायचा तशाच. मोटार गेली. त्या संध्याकाळी चटईचं दुसरं टोक क्लेमांसने धरलं. तिला ती सरळ अंथरता येत नव्हती, तो मागून जाऊन सारखी करत राहिला.

पुढच्या हिवाळ्यात एका रविवारी दोघं नवराबायको लेकीकडे गेले. ओनेझीम चार जिने दमत दमत चढला. लेओनीने दार उघडलं तसा तो सरळ आत गेला. प्रत्येक खिडकीत काळीने भरलेली लाकडी पेटी होती, त्यावर काच. खालच्या तिन्ही मजल्यांवरही तशाच पेट्या त्याने येताना बघून ठेवल्या होत्या. एवढी काळी एका घरात मावली नाही, तेव्हा लेओनीने शेजारणींना वाटली होती. त्याने काच उचलली आणि पेटीत बोटं खुपसली.

"गार आहे."

"बाबा, खिडकी आहे ती."

"गार आहे म्हणतो ना." त्याने कोटाच्या आतून वर्तमानपत्रात बांधलेलं एक भलंथोरलं पुडकं काढलं. "बिझूची आहे. आज सकाळची."

"ट्राममध्ये आमच्या आसपास कुणी बसेना," क्लेमांस खुर्चीत टेकत म्हणाली.

"लोक हल्ली फार शिष्ट झालेत," ओनेझीम म्हणाला.

त्याने काळी बाजूला केली, तळाशी लीद दाबून बसवली आणि काळी परत पसरली. लेओनी पेटीच्या दुसऱ्या टोकाला उभी राहून हात लावत होती.

"आई चटई वाकडी धरते," तो खाली मान घालून म्हणाला. "मला करमत नाही गं, पोरी."

"मलापण नाही, बाबा."

तिने काळीत हात घातला, त्याच्या हाताला लागून. "अजून गारच आहे."

"लगेच नाही येत," तो म्हणाला. "हात काढू नकोस. येईल ऊब."