दारावरून वर गेलेलं पाणी

डोंगरावरची गावं ओस का पडतात, या एका प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहीत आहे. परभणीत कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं. पाणी नाही, जमीन मुरमाड, रस्ता धड नाही. मी शिक्षिका आहे. उत्तर बरोबर असलं तरी ते पूर्ण आहे का, हे पाहण्याची मला सवय आहे. हे उत्तर पूर्ण नाही. त्यातलं जे सुटलं आहे, ते माझ्या नववीच्या उन्हाळ्यात मी पाहिलं.

पाटलीणबाईंनी माझी बादली दोराने विहिरीतून वर ओढली. पाणी जमिनीवर ओतलं. दोर माझ्या पायांजवळ फेकला.

"कुणाला इचारून सोडलीस गं बादली?"

मी म्हणाले, "विहीर गावाची आहे."

कडेच्या बायका हसल्या. पाटलीणबाईही हसल्या.

"शाळा शिकायलीस म्हनं, अन् थांबायला शिकली न्हाईस? आमी देत न्हाई का तुमाला पानी?"

द्यायच्या. ते कसं, हे नीट सांगायला हवं.

आमचं गाव जिंतूरच्या पुढच्या डोंगरात. माथ्यावर उभं राहिलं की येलदरीच्या धरणाचं पाणी चकाकताना दिसतं. त्यातलं काही वर येत नाही. उन्हाळ्यात टँकर यायचा. गावात येणारा रस्ता एकच आणि तो खालून, आमच्या बौद्ध वस्तीतून चढतो. टँकर आमच्या दारांवरून वर जायचा, माथ्यावरच्या विहिरीत रिकामा व्हायचा, आणि मग आम्ही घागरी घेऊन त्याच्यामागे चढायचो. विहिरीपासून थोडी दूर एक फरशी होती. आमच्या घागरी तिच्यावर ठेवायच्या आणि मागे सरायचं. वरच्या आळीतल्या ज्या बाईचं स्वतःचं पाणी शेंदून झालं असेल, ती अंतर राखून वरून ओतायची. मनाई कुणी कधी केली नाही. शब्द फार गोड होते. "तुमी कशाला वाकता? आमी वाढतो की."

आमचे आजोबा छप्पन साली बौद्ध झाले. वस्तीत विहार आहे. पौर्णिमेला वंदना होते. तरीही फरशी जागची हलली नव्हती.

आई माझ्यामागे उभी होती. नुकतीच ऊसतोडीहून परतलेली. हातांवर पाचटाचे ओरखडे. तिने मान खाली घातली.

"चुकली लेक, पाटलीणबाई. पोटात घाला."

पाटलीणबाईंनी ते पोटात घातलं. आमची घागर स्वतःच्या हाताने भरून दिली. काठोकाठ.

मी ती घागर आडवी केली.

पाणी फरशीवरून उतरलं आणि मुरमात गेलं. हसणं थांबलं. "माजली पोरगी," मागून कुणीतरी म्हणालं.

उतारावर आई बोलली. "घरात तांब्याभर पानी हाय. बाप तापानं फणफणायलाय. त्याला काय पाजू, तुझी विहीर?"

एक गोष्ट मला नक्की कळली होती. "मी उद्या त्या फरशीवर घागर ठेवणार नाही, आई."

"मग कुठं ठिवायची?"

हा टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती.

त्या दिवशी शेजारच्या मावशीने अर्धी कळशी दिली. दुसऱ्या दिवशी टँकर चढाला लागल्याचा आवाज आला. आई उठली, रिकामी घागर घेतली, वस्तीसमोर रस्त्याच्या मधोमध ठेवली आणि बाजूला जाऊन उभी राहिली. चढ तिथेच सगळ्यात उभा आहे. भरलेला टँकर तिथे एकदा थांबला की पुन्हा सुटत नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. ड्रायव्हर परभणीचा होता, नवा होता. त्याला ठाऊक नव्हतं. त्याने ब्रेक दाबला.

"मावशी, घागर उचला! गाडी मागं यायलीय!"

"उचलते की बाबा. भरून दे, मग उचलते."

"मला विहिरीत सोडायला सांगितलंय."

"विहीर वर हाय. तू खाली हायस."

वस्तीतल्या बायकांनी चाकांमागे दगड लावले. त्याने गाडी रेटून पाहिली. चाकं मुरमात गरगरली, टँकर हातभर मागे दगडांवर आला. वजन कमी केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तो शिव्या देत उतरला आणि त्याने टँकरचा व्हॉल्व्ह उघडला.

घागरी आल्या, हंडे आले, पातेली आली. प्रत्येक बाई स्वतः वाकली. प्रत्येकीने स्वतःच्या हाताने भरलं. वडिलांनी दोन तांबे पाणी पिऊन डोळे मिटले. हलका झालेला टँकर मग मुकाट वर गेला.

भांडायला कुणी आलं नाही. आमच्याकडे भांडत नाहीत. दुसऱ्या सकाळपासून वस्तीतल्या कुणालाही वरच्या आळीच्या शेतात काम मिळेना. किराणा दुकानात मीठसुद्धा "संपलंय". पिठाच्या गिरणीत आईला सांगितलं, "गिरणी बंद हाय." सांगणाऱ्याला ओरडून सांगावं लागलं, कारण गिरणी चालू होती. पाटलीणबाई वाटेत भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "प्यायलात ना पोटभर? आता तेच खा."

त्या वर्षी वस्तीतल्या टोळ्या ऊसतोडीला लवकर निघाल्या. शाळेतली पोरं पटावरच्या नावांसकट गेली. हंगाम संपला, तरी काही घरं परतलीच नाहीत. पुढच्या वर्षी आणखी काही.

घरं वरच्या आळीतलीही बंद झाली. ती माणसं परभणीत प्लॉट घेऊन गेली आणि जत्रेला गाडीने येतात. आमची माणसं साखर कारखान्यांच्या कडेला पालात राहतात आणि परत येत नाहीत. दोन्ही कुलपांना एकच कारण चिकटवणं ही चूक आहे. पाणी कुणालाच पुरेसं नव्हतं. ते मागावं मात्र आम्हालाच लागत होतं.

आता गावात नळयोजना आहे. टाकी माथ्यावर. पाइप वस्तीपर्यंत आला, दारोदार तोट्या बसल्या. वरच्या आळीत पाणी येतं. आमच्या तोट्या कोरड्या. विचारलं की सांगतात, "खाली दाब कमी पडतो." पाणी उताराने वाहतं, हे मी चौथीच्या वर्गाला शिकवते.

मी डोंगरातल्याच शाळेत आहे. सहकारी म्हणतात, "बाई, बदली मागा. खाली सपाटीला, पोखर्णीकडची शाळा मिळाली तर सोनं." मी मागितलेली नाही आणि मागणार नाही. आई अजून त्याच घरात राहते. या उन्हाळ्यात मी वस्तीतल्या बायकांसोबत टाकीखाली बसणार आहे. वस्तीकडचा व्हॉल्व्ह उघडेपर्यंत. विनवणी करणार नाही, आभार मानणार नाही. काम बंद करतील, गिरणी बंद करतील. तेही आता ठाऊक आहे.

माझ्या शब्दावर विसंबू नका. एप्रिल-मे महिन्यात अशा एखाद्या गावात स्वतः जा. सगळ्यात वरच्या घराचा नळ उघडा, मग सगळ्यात खालच्या घराचा. मग गाव कशामुळे ओस पडलं, ते तुम्हीच ठरवा.