बोटीवरची पाच मिनिटं

दुसरा माणूस काम करतोय आणि आपण बसून आहोत, हे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, दिगंबर खानझोडे यांना, जन्मात जमलं नाही. कुणाकडे जेवायला गेले की ताटं उचलायला हे पुढे. बसमध्ये म्हातारं माणूस दिसलं की चार स्टॉप आधीच उभे. लोक कौतुक करतात. मला राग येतो, कारण या सवयीपायी जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

भाऊजी मूळचे पुसदचे. ऑटोमोबाईलचा डिप्लोमा करून डेट्रॉइटला आले आणि गाड्यांच्या कारखान्यात लागले. ब्याऐंशीत कारखान्याने माणसं कमी केली, त्यात यांचंही नाव आलं. वर्षभर घरी बसले, शेवटी अठरा चाकी ट्रकचं लायसन्स काढलं आणि विस्कॉन्सिनहून मिशिगनला गोठवलेलं मांस आणायला लागले. ॲन आर्बरमधली आमची सगळी मराठी मंडळी तेव्हा डॉक्टर नाहीतर इंजिनिअर. माझी बहीण सुमित्राताई म्हणाली, "कष्टाचं काम आहे, त्यात लाज कसली?" आणि दुसऱ्या दिवशी मलाच फोन करून विचारलं, "पद्मजा, लोकांना काय सांगायचं गं?"

"ट्रान्सपोर्टमध्ये आहेत म्हण," मी सांगितलं.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात भाऊजींचे वडील, श्रीरामनाना, तीन महिन्यांसाठी आले. वय चौऱ्याहत्तर, हृदय नाजूक. पुसदच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, एवढा प्रवास एकदाच झेपेल, पुन्हा नाही. नाना एसटीत वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी, कुठला ड्रायव्हर, किती वाजता सुटणार, यात उभी हयात गेलेली. मुलगा 'ट्रान्सपोर्टमध्ये' आहे म्हटल्यावर त्यांची छाती फुगली. "दिगूच्या हाताखाली किती गाड्या असतील हो?" ते मला विचारायचे. भाऊजी तेवढ्यात बागेला पाणी घालायला निघून जायचे. टूरवर गेलेत, मीटिंग आहे, असं ताईच सांगायची.

नानांचं परतीचं विमान बुधवारी संध्याकाळी साडेसातचं होतं. भाऊजींनी आठवडाभर रजा मागितली होती. पण कंपनीचा एक ड्रायव्हर आजारी पडला आणि साहेबांनी गळ घातली, एवढी एकच खेप करा, बुधवारी दुपारी घरी असाल. भाऊजी नाही म्हणतात होय? गेले.

आता नियम काय होता तो सांगते, कारण सगळं त्यावरच अडलं. ट्रकवाल्याने दहा तास गाडी चालवली की सलग आठ तास विश्रांती. सलग, हे महत्त्वाचं. रोजचा एक तक्ता भरायचा, कधी चालवली, कधी झोपलो, कधी मोकळा होतो, याच्या रेघा ओढायच्या. वाटेत अधिकारी तो तपासतात. भाऊजींनी हिशेब चोख केला होता. दहा तास चालवून विस्कॉन्सिनमधल्या कवॉनीच्या धक्क्यावर पोचायचं, ट्रकमधल्या बाकावर चार तास पडायचं, मग मिशिगन सरोवर ओलांडणाऱ्या फेरीबोटीत चार तास. बोट निघाली की ड्रायव्हरला ट्रकजवळ थांबू देत नाहीत, वर जाऊन बसावं लागतं. चार आणि चार आठ. पलीकडे लडिंग्टनला दुपारी उतरलं की चार-साडेचार तासांत विमानतळ.

त्या फेरीवर गाड्या बोटीत चढवायचं काम बोटीचीच माणसं करायची. आपण किल्ली द्यायची आणि जिना चढून वर जायचं. सकाळी भाऊजींचा ट्रक चढवायला जो आला तो सत्तरीचा होता आणि एका पायाने लंगडत होता. ट्रकच्या पायरीवर एक पाय ठेवून दम घ्यायला थांबला.

"यू सिट, सर," भाऊजी म्हणाले. "आय विल डू."

त्याने दोनदा नको म्हटलं. भाऊजींनी त्याला हाताला धरून बाजूला केलं आणि ट्रक स्वतः चढवला. पाच मिनिटं. मग वर जाऊन तक्ता काढला आणि ती पाच मिनिटंही इमानदारीत लिहिली. अहो, लिहायची काय गरज होती! कोण बघत होतं?

लडिंग्टनला बंदराबाहेरच्याच रस्त्यावर ट्रक तपासणारा अधिकारी उभा होता. त्याने तक्ता पाहिला, त्या एवढ्याशा रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाला की ही आठ तासांची विश्रांती नाही, चार-चारचे दोन तुकडे आहेत. तुकडे चालतात, पण दोन्ही ट्रकमधल्या बाकावर झोपून काढले तरच. तुम्ही वर खुर्चीत होतात. म्हणजे विश्रांती झालीच नाही. आता आठ तास इथून हलायचं नाही. तसा कागद हातात दिला. भाऊजींनी वडिलांचं विमान सांगितलं. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं, सॉरी म्हणाला, आणि कागद परत घेतला नाही.

तेव्हा साडेबारा वाजले होते. आठ तास म्हणजे साडेआठ. दिवसाची एकुलती एक बस सकाळीच गेली होती. मी गाडी घेऊन आणायला निघाले असते तर जाऊन येऊन आठ-नऊ तास. ट्रक टाकून कुणाच्या गाडीतून यावं, तर मागे वीस टन मांस, आणि ते गार ठेवणारं इंजिन बंद पडलं तर जबाबदार कोण? अडीचशे मैलांवर बाप बॅगा भरून बसलेला आणि हा माणूस भर उन्हात उभ्या ट्रकशेजारी, हातात किल्ली असून अडकलेला.

एक वाजता ताईच्या घरी फोन आला तो मी उचलला.

"इन्स्पेक्टर कुठाय?" सगळं ऐकून मी विचारलं.

"गेला."

"मग निघा ना भाऊजी! नंतर काय व्हायचं ते होऊ दे."

"निघावं असंच वाटतंय गं," ते म्हणाले. "नानांना दे जरा."

नानांच्या हातात फोन देऊन मी स्वयंपाकघरात गेले आणि तिथला रिसीव्हर उचलला. दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये म्हणतात. मी ऐकलं.

"काय रे दिगू, मीटिंग लांबली काय?"

"मीटिंग नाही नाना." भाऊजी म्हणाले. "मी ट्रक चालवतो. दोन वर्षं झाली."

मी डोळे मिटून घेतले. नाना बोलले तेव्हा आवाज वेगळाच होता, डेपोतला असावा.

"किती तास चालवली?"

"दहा."

"विश्रांती?"

"चार तास धक्क्यावर, चार बोटीवर. मधे पाच मिनिटं गाडी मीच चढवली."

"काहून? त्यांचा माणूस नव्हता?"

"होता. तुमच्या वयाचा होता नाना. पाय ओढत होता. मी बसून कसा बघू?"

मग भाऊजींनीच पुढे विचारलं.

"निघू का नाना? साडेपाचपर्यंत पोचतो. ताजातवाना आहे मी."

"धक्क्यावर झोपला होतास?"

"पडून होतो."

"पडून होतास का झोपला होतास?"

भाऊजींनी नुसतं हो म्हणायचं होतं. "पडून होतो," ते म्हणाले. "झोप नाही आली. तुम्ही जाणार म्हणून."

"मग गाडी हलवायची नाही," नाना म्हणाले. "कोणाचं बारसं असे, कोणाची माय गेलेली असे, ड्रायव्हर लोक माझ्यासमोर रडले आहेत दिगू. मी नाही सोडलं. आता माझ्या पोराला जा म्हणू?"

"नाना, तुम्ही आज जाताय."

"हो रे बाबा."

"नमस्कार करतो, नाना."

"सुखी राहा. झोप आता."

भाऊजी पडदा ओढून साडेआठपर्यंत त्या अरुंद बाकावर पडून राहिले. सात वाजता, साडेसात वाजता, घड्याळ बघत. पुढे ते कधी त्या फेरीने गेले नाहीत, शिकागोचा वळसा घालून यायचे.

विमानतळावर नाना विमानाकडे पाठ करून बसले. तेव्हा पोचवायला आलेल्यांना आतपर्यंत जाता यायचं, आणि बाहेरून आत येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे ते मान उंचावून बघत होते.

"आला तर असा झापीन त्याला," ते म्हणाले.

"येणार नाहीत, नाना. तुम्हीच नको म्हणालात."

"हो. मीच म्हणालो." आणि पुन्हा तिकडेच बघायला लागले. शेवटची सूचना झाली तरी उठेनात. एअरलाइनच्या मुलीने दंडाला धरून नेलं, तेव्हा तीनदा मागे वळले. जानेवारीत पुसदला नाना वारले.

भाऊजींनी आता सत्तरी ओलांडली. अजूनही ताई आत गेली की हळूच विचारतात, "पद्मजा, त्या दिवशी नाना वाट बघत होते का गं?"

"छे," मी सांगते. "उलट म्हणाले, पोरगा झोपला असेल, बरं झालं. आणि सरळ चालत गेले."