अण्णांसाठी कॉकटेल

एका माणसानं पाणी प्यावं म्हणून दुसऱ्या माणसानं किती नाचायचं? मी त्या एप्रिलात आठ दिवस नाचलो. तेही आमच्या अण्णांपुढं, म्हणजे वडिलांपुढं, ज्यांना जन्मात कुणाचा नाच आवडलेला नाही.

झालं असं की अण्णा चतुर्थीला लिंबागणेशला गेले. न सांगता. भर उन्हात दर्शनाच्या रांगेत उभे राहिले आणि तिथंच भोवळ येऊन खाली बसले. ओळखीच्या एकानं मोटरसायकलवर बसवून चौसाळ्याला, आमच्या घरी आणलं. डॉक्टरांनी सलाइनच्या दोन बाटल्या लावल्या आणि मला बाजूला घेतलं. "गुरुजी, यांच्या अंगात पाणीच राहिलेलं नाही. किडनीवर ताण यायला लागलाय. दिवसभर काही ना काही पोटात गेलं पाहिजे. पुन्हा असं झालं तर मी हात लावणार नाही, सरळ बीडला ॲडमिट करायचं." आता माझी आई दिवाळीच्या आधी बीडच्याच दवाखान्यात गेली. आत जाताना चालत गेली होती. त्यामुळं बीडला ॲडमिट हे शब्द मला ऐकवत नाहीत. अण्णांनाही ऐकवत नसणार, पण म्हणून ते पाणी पितील? नाव नको!

मी काय काय केलं ते ऐका. आईचा जुना माठ हिवाळ्यात तडकला होता, म्हणून बाजारातून नवा लाल माठ आणला. त्याला ओलं पोतं गुंडाळलं. पाणी असं गार झालं की मीच उठता-बसता तांब्या भरून पीत होतो. अण्णांना दिलं तर "नको."

"कावून?"

"नको म्हणलं ना."

फ्रिजचं पाणी दिलं तर घसा धरतो. ताक दिलं तर कफ होतो. मीठ-साखरेच्या पाण्याला औषधाचा वास येतो. शहाळं आणलं तर स्ट्रॉकडं असं बघितलं की मीच ती काढून खिशात घातली. प्यायचे काय, तर छतावरच्या टाकीचं पाणी. ते पाणी दुपारी कसं असतं हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको, त्यात चहापत्ती टाकायचीच बाकी असते. तेसुद्धा दोन घोट, आणि ग्लास खाली. ओठांना भेगा पडलेल्या, डोळे आत गेलेले, आणि वर मलाच विचारणार, "तुजं तोंड कावून उतरलंय?"

बायको अंगणवाडीत नोकरी करते. तिच्यापुढं मी रोज डोकं धरून बसायचो. ती म्हणायची, "गोड आवडतं त्यांना. फळांचं काही करून बघा." तेवढं बोलून ती कामाला लागायची. माठाला तिनं हळदीकुंकू लावून ठेवलं होतं आणि स्वतः मात्र फ्रिजची बाटली तोंडाला लावायची. मी म्हटलं, घरात एकेकाची तऱ्हा. माझ्या टाळक्यात काही म्हणून काही शिरलं नाही.

मग मोबाईलवर एक व्हिडिओ सापडला, उन्हाळ्यातलं थंडगार फ्रूट कॉकटेल, पाच मिनिटांत. त्यातल्या बाईचा ओटा लख्ख, नखं रंगवलेली, हाताला एक थेंब लागत नव्हता. टरबूज, द्राक्षं, पुदिना, सब्जा, लिंबू, काळं मीठ, वरून सोडा. आणि सजावटीला ब्लूबेरी. मी शाळा सुटल्यावर फळवाल्याला ब्लूबेरी विचारली. त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी त्याच्याकडं हत्तीचं दूध मागितलं. म्हणाला, "गुरुजी, ते ऱ्हाऊ द्या. ह्यो केसर बघा, आजच आलाय. वास तर घ्या!" वास घेतला. चार आंबे घेतले.

घरी आलो, बायको अजून यायची होती. म्हटलं बरं झालं, ती येईपर्यंत अण्णांच्या पोटात दोन ग्लास गेलेले असतील आणि मी पायावर पाय टाकून बसलेला असेन. टरबुजाच्या फोडी मिक्सरमध्ये टाकल्या, बटण फिरवलं, आणि लाईट गेली. काय म्हणावं याला! अर्ध्या टरबुजाचा रस, अर्धं टरबूज टरबूजच. चाळणी घेतली आणि हातानंच रगडायला लागलो. बिया ओट्यावर, बिया बाहीत, एक तर चष्म्याच्या काचेला चिकटली. द्राक्षं चेचून घातली तर रंग गढूळ पाण्यासारखा झाला. सब्जा भिजायला वेळ लागतो हे त्या बाईनं सांगितलंच नव्हतं, तो वाळूसारखा तळाला जाऊन बसला. सोड्याची बाटली उघडली तर निम्मा फेस माझ्या शर्टावर. पाच मिनिटं म्हणे! मला तासभर लागला, आणि चव घेतली तर मिळमिळीत. टरबूजच फिकं निघालं होतं.

तेव्हा आंब्याची आठवण झाली. एक कापला. गोड आहे का बघायला एक फोड तोंडात टाकली. खात्री करायला दुसरी टाकली. कोय चोखली ती काही बघायला नव्हे, ते सरळ खाणंच होतं. दोन आंबे पिळून त्या रसात घातले आणि काय सांगू, एकदम जमून गेलं! रंग आला, दाटपणा आला, घरभर घमघमाट सुटला. बर्फाचे तीन खडे टाकले, पुदिन्याचं पान लावलं आणि ग्लास घेऊन पत्र्याच्या शेडखाली गेलो. अण्णा बाजेवर पडून होते.

"हे काय?"

"कॉकटेल."

"गळ्यात माळ हाय माझ्या."

"अण्णा, दारू न्हाई. फळं हायती नुसती. घ्या बरं."

उठून बसले. ग्लास हातात घेतला. गार लागला तसा दुसरा हातही लावला. मी श्वास धरून उभा. ग्लास ओठापर्यंत गेला, आणि तिथंच थांबला.

"आंबा हाय का यात?"

"हाय ना! केसर!" मी मोठ्या फुशारकीनं म्हणालो.

अण्णांनी ग्लास खाली फरशीवर ठेवला. "न्हेऊन ठेव आत."

माझं डोकंच फिरलं. आठ दिवसांचं सगळं बाहेर पडलं. म्हटलं, "तुमाला पायजे तरी काय अण्णा? माठ आणला, न्हाई. शहाळं आणलं, न्हाई. तासभर टरबूज रगडतोय मी लहान पोरासारखं, तरी न्हाई. आता बीडलाच जायचंय का तुमाला? जा मग! मी न्हाई येणार संगं. एकदा बसलोय मी त्या दवाखान्याच्या पायरीवर, पुन्हा न्हाई बसणार!" ओरडताना माझा आवाज फाटला. शेजारची शेळीसुद्धा ओरडायची थांबली.

अण्णा चिडले नाहीत. त्यांनी विचारलं, "आखिती कधी हाय?"

"असंल पाच-सा दिवसांनी. तिचा काय संबंध?"

"तुज्या आईला आंबा न्हाई दिला अजून," अण्णा म्हणाले. "माठातलं पाणीबी न्हाई दिलं. मी आधी कसं पिऊ?"

आमच्याकडं आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घरातून गेलेल्या माणसांच्या नावानं नवी घागर भरतात आणि पुढं आंब्याचा रस ठेवतात. त्यांना दिल्याशिवाय घरात कुणी आंबा चाखायचा नाही, नव्या माठाचं पाणी पिऊन तहान भागवायची नाही. आई दर वर्षी हे करायची, तिच्या सासू-सासऱ्यांच्या नावानं. मी आठवीत असताना आखितीच्या आधी आंबा खाल्ला म्हणून तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला होता. आणि यंदा घागर तिच्याच नावाची होती. अण्णांच्या ध्यानात होतं. ती बाटली तोंडाला लावणारी माझी बायको, तिच्याही ध्यानात होतं, आणि मी पोटचा पोरगा असून विसरलो असेन असं तिला वाटलंच नव्हतं.

लाज वाटली की मला राग येतो, ही माझी जुनी खोड आहे. म्हटलं, "मग बोलायचं ना अण्णा! आठ दिवस तोंड शिवून बसलात!"

"तुला काय सांगायचं? तुजीच आई हाय."

फरशीवर ग्लास होता, बर्फ विरघळत होता, अण्णांचे भेगाळलेले ओठ समोर दिसत होते, आणि आखितीला अजून पाच-सहा दिवस होते. तेवढे दिवस अण्णा असे काढू शकणार नव्हते. मी म्हणालो, "अण्णा, तिला काय पंचांग बघून तहान लागती का? ऊन बघा किती पडलंय. आजच देऊ की तिला. आखितीला पुन्हा देऊ."

अण्णा म्हणाले, "धीर न्हवताच तिला कशाचा. चहासुद्धा उकळू द्यायची न्हाई." आणि बाजेवरून पाय खाली सोडले. "दोन वाट्या आण. एकीत माठाचं पाणी, एकीत हे तुजं. सोडा हाय का यात?"

"हाय."

"मग हे नको. तिच्या नाकात जायचा सोडा."

मी पुन्हा आत गेलो. उरलेला चौथा आंबा कापला. या वेळी सगळ्या फोडी वाटीतच गेल्या. टरबुजाचा उरलेला रस घातला, सोडा नाही. पुढच्या खोलीत आईच्या फोटोपुढं दोन्ही वाट्या ठेवल्या. अण्णा भिंतीला धरून आले. हात जोडून उभे राहिले. मीही हात जोडले, तर माझ्या हातांना कोयीचा वास.

बाहेर येऊन अण्णा बाजेवर बसले. मी माठाचं पाणी तांब्यात भरून आणलं, ग्लासही पुढं ठेवला. त्यांनी हात पुढं केला आणि मध्येच माझ्याकडं वर बघितलं.

"तू तर न्हाई ना खाल्लास, तिच्या आधी?"

"न्हाई अण्णा," मी म्हणालो.

त्यांनी उपरण्याचं टोक हातात घेतलं, मला खाली वाकवलं आणि माझ्या मिशीला लागलेला आंबा पुसला.

"बरं केलंस," म्हणाले, आणि तांब्या तोंडाला लावला.